मानीव काला अंब

दिनांक चौदा जानेवारी दोन हजार एक रोजी, रविवारी सकाळी सात वाजता, रामकृष्णपुरम सेक्टर बारामधल्या सरकारी क्वार्टरमधून श्री. भालचंद्र टिपणीस, अवर सचिव, भारत सरकार, हे सहकुटुंब उपाशी निघाले.

उपाशी निघणं हा घरातला गोंधळ नव्हता, तो मंडळाच्या घटनेतला नियम क्रमांक नऊ होता. दक्षिण दिल्ली महाराष्ट्र स्नेहसंवर्धक मंडळाचे सभासद दर संक्रांतीला पानिपतजवळच्या काला अंब, म्हणजे काळा आंबा, या ठिकाणी जात आणि लढाईत पडलेल्यांच्या स्मारकापाशी अकराच्या ठोक्याला पुष्पचक्र वाहत. सतराशे एकसष्ट साली आपली माणसं उपाशीपोटी लढली. तेव्हा सभासदांनी त्या दिवशी पुष्पचक्र वाहीपर्यंत न्याहारी अथवा भोजन करू नये, असं संस्थापकांनी ठरवलं होतं. संस्थापकांपैकी कुणालाही मधुमेह नव्हता, त्यामुळे नियम एकमताने मंजूर झाला.

हा उपास सुटायचा रामफलच्या खिचडीवर. रामफल हा स्मारकाच्या बागेचा माळी. दिल्लीचे लोक एवढ्या थंडीत रिकाम्या पोटी येतात हे कळल्यापासून तो दरवर्षी आपल्या घरी गोवऱ्यांच्या चुलीवर चाळीस माणसांची बाजरीची खिचडी शिजवायचा आणि वर सढळ हाताने तूप सोडायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मंडळाच्या कुठल्याही अहवालात त्याचा उल्लेख नव्हता. अहवालात खाण्याचे उल्लेख बरे दिसत नाहीत.

पूर्वी सगळे मंडळाने ठरवलेल्या बसने जात. बसमध्ये कोण आलं आणि कोण नाही हे लगेच कळे, आणि त्यामुळे बरेच जण येत. पुढे देशाची अर्थव्यवस्था खुली झाली, सभासदांच्या दारांत हप्त्यांवरच्या गाड्या आल्या आणि वार्षिक सभेत ‘सभासदांनी आपापल्या वाहनाने यावे’ असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. जानेवारीतल्या धुक्यात कुणाची गाडी कुठे वळते, हे तेव्हापासून ज्याचं त्यालाच ठाऊक होतं.

भालचंद्रराव अकरा वर्षं मंडळाचे सहचिटणीस होते. सहचिटणिसाचं काम अहवाल लिहिण्याचं. मागची दोन वर्षं संक्रांत कामाच्या दिवशी आली आणि मंत्रालयात बजेटची धांदल असल्यामुळे त्यांना रजा मिळाली नाही. तेव्हा त्यांनी सभासदांना फोन करकरून, त्यांच्या तोंडून ऐकून अहवाल लिहिले. ते दोन्ही अहवाल, स्वतः हजर असताना लिहिलेल्या नऊ अहवालांपेक्षा जास्त भावपूर्ण झाले, असं सर्वांचं मत पडलं. ‘अनेकांचे डोळे पाणावले’ हे वाक्य त्यांतलंच.

पण पुष्पचक्र वाहण्याचा मान अध्यक्षांचा, आणि अध्यक्ष जयंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, खणखणीत प्रकृतीचे गृहस्थ. नऊ वर्षं भालचंद्ररावांनी तो मान दोन पावलं मागून पाहिला होता. गेल्या गुरुवारी मात्र जयंतरावांचा फोन आला. “भालचंद्र, यंदा पुष्पचक्र तुम्ही वाहा. माझे गुडघे नाही म्हणतायत.” फोन ठेवताच भालचंद्रराव कागद-पेन घेऊन बसले. मग त्यांनी दोन मिनिटांचं भाषण लिहिलं, ऑफिसात टाइप करून घेतलं आणि रोज न्हाणीघरात पाणी सोडून म्हटलं. मुलाची नोकरी, बायकोचं ऑपरेशन, क्वार्टरची बदली, यातलं काहीही त्यांनी देवाकडे इतक्या मनापासून मागितलं नव्हतं. अकराच्या ठोक्याला आपण तिथे उभे असू, बस्स.

गाडी शार्दूल चालवत होता. चिरंजीव गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत बसून अमेरिकेतल्या लोकांना त्यांच्याच क्रेडिट कार्डांविषयी धीर देत आणि त्या पगारावर त्यांनी सँट्रो घेतली होती. शार्दूलचं मराठी दिल्लीच्या हवेत वाढलेलं.

“बाबा, ते फुलांचं टायर डिकीत मावत नव्हतं यार, स्टेपनी काढून घरी ठेवली,” तो म्हणाला.

“पुष्पचक्र म्हणतात त्याला.”

“अच्छा, तेच.”

मागच्या सीटवर पत्नी लतिकाबाई शालीत गुरफटून गप्प बसल्या होत्या, आणि त्या गप्प बसल्या की भालचंद्ररावांना धास्ती वाटे. सोनीपत मागे पडलं, धुकं जरा विरळ झालं आणि हायवेच्या डाव्या हाताला एक तीन मजली उंच लाल-पिवळी पाटी उगवली. ‘कॅप्टन चीझी’. खाली दोनेकशे गाड्या उभ्या होत्या.

“शार्दूल, हळू घे,” लतिकाबाई म्हणाल्या.

आता हे सांगायलाच हवं. लतिकाबाईंची धाकटी बहीण गिरिजा पुण्यात राहते. दिवाळीत तिने फोनवर विचारलं होतं, “ताई, तुमच्याकडे ते कॅप्टन चीझी आहे ना? आमच्याकडे अजून यायचंय म्हणे. तुम्ही गेला असाल!” दिल्लीत तीस वर्षं काढून धाकट्या बहिणीला नाही म्हणणं जिवावर आलं. लतिकाबाई म्हणाल्या, “दोनदा.” आणि आता गिरिजा फेब्रुवारीत येणार होती आणि ताई मला तिथे घेऊन जाणार, असं तिने अख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलं होतं.

“काय मागवायचं, कसं मागवायचं, हात कुठे धुवायचे, काही माहीत नाही मला,” लतिकाबाई म्हणाल्या. “तिच्यासमोर बावळटासारखी उभी राहू?”

“अगं, पण नियम नऊ!”

“आत्ता कोण खातंय? परत येताना खाऊ.”

शार्दूल म्हणाला, “परत येताना नंबर नाही लागणार, बाबा. संडेला दोन-दोन तास वेटिंग असतं. आपण असं करू, आत्ता फक्त नाव लिहू, तिकडे जाऊ, टायर ठेवू, तुम्ही भाषण करा, परत येऊ, तोपर्यंत टेबल तयार. सिम्पल.”

भालचंद्ररावांनी प्रस्ताव तपासला. नियमात खाण्यास मनाई होती, नाव लिहिण्यास नव्हती. सव्वानऊ वाजले होते, काला अंब तिथून तासाभरावर, म्हणजे पाऊण तास हाती होता. प्रस्ताव मान्य करण्यास हरकत दिसत नव्हती, आणि ज्या प्रस्तावात हरकत दिसत नाही तोच पुढे माणसाला खड्ड्यात घालतो, हे तीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना समजायला हवं होतं.

दारात कॅप्टनचा फायबरचा पुतळा होता. डोक्यावर उंच टोपी, झुपकेदार मिशा, कमरेला पट्टा आणि हातात पिझ्झा कापायचं चाक. आत शिरताच चीझ वितळल्याचा असा वास आला की तिघांच्याही पोटात एकदम कावळे ओरडले. दाराशी कानाला यंत्र लावलेला एक टवटवीत मॅनेजर एक मोठी वही घेऊन उभा होता.

“वेलकम टु कॅप्टन चीझी! होस्ट का नाम, सर?”

वही पाहताच भालचंद्ररावांना एकदम आपल्या राज्यात आल्यासारखं वाटलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तीन रकाने अडवून लिहिलं, ‘भालचंद्र वि. टिपणीस, अवर सचिव, भारत सरकार’. खाली सही केली, तारीख घातली.

“वंडरफुल, सर. आप का नंबर छियालीस है. सिर्फ पंद्रह मिनट.”

“हम जरा पानिपत होकर आते हैं,” भालचंद्रराव म्हणाले. “तीन घंटे में.”

मॅनेजरचा चेहरा पडला. “सॉरी सर. नाम पुकारने पर होस्ट नहीं मिला, तो नाम सबसे नीचे चला जाएगा. होस्ट को खुद रहना पड़ता है.”

“तो मेरा नाम लिख लो ना,” शार्दूल म्हणाला.

“सर, एक बार एंट्री हो गई तो चेंज नहीं होती. हेड ऑफिस की पॉलिसी है.”

दुसरा कुणी असता तर भांडला असता. पण ‘खुद आना पड़ेगा’ हे वाक्य भालचंद्ररावांनी स्वतः तीस वर्षं दिवसातून वीसदा उच्चारलं होतं. पेन्शनसाठी मेरठहून आलेल्या म्हाताऱ्यांना ऐकवलं होतं. ते वाक्य पहिल्यांदाच आपल्या अंगावर आलेलं पाहून त्यांना राग आला नाही, उलट थोडा आदरच वाटला. नियमच आहे म्हटल्यावर त्यांचा विरोध मावळला.

“पंधराच मिनिटं तर म्हणतोय,” लतिकाबाई म्हणाल्या. “टेबल मिळालं की त्याला सांगू, धरून ठेव.”

ते बाकावर बसले. बाकावर आणि बाकाभोवती शंभर-सव्वाशे माणसं होती. पीतमपुऱ्याची होती, फरीदाबादहून अख्खी दिल्ली ओलांडून आलेली होती, एका कुटुंबाने सतरंजी अंथरली होती. सगळे छान कपडे घालून, भुकेने कासावीस होऊन, काचेपलीकडच्या जेवणाऱ्यांकडे बघत होते. काचेपलीकडचे लोक काचेकडे बघत नव्हते.

साडेनऊला भालचंद्ररावांनी विचारलं, “कितना टाइम?”

“बस पंद्रह मिनट, सर.”

पावणेदहाला विचारलं, तेव्हाही पंधरा मिनिटं होती. दहाला पंधरा होती. आपण ऑफिसात ‘अगले हफ्ते’ म्हणतो, हे लोक ‘पंद्रह मिनट’ म्हणतात. खासगी क्षेत्राचा कारभार चपळ असतो, हे भालचंद्ररावांनी मनातल्या मनात मान्य केलं. पण घड्याळाचा काटा पुढे सरकत होता.

“उठा,” ते म्हणाले. “आत्ता निघालो तर अकराला पोचतो. चला!”

“अहो, आता चाळीसावा नंबर पुकारला,” लतिकाबाई म्हणाल्या. “पाऊण तास बसलो ते पाण्यात घालायचं?”

भालचंद्रराव उभे राहिले होते ते परत बसले. एवढी पुढे सरकलेली फाइल मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. इथे येईपर्यंत आपल्या हातून काहीच चुकलं नव्हतं, प्रत्येक पाऊल तपासून टाकलं होतं, आणि तरी आपण आपल्या आयुष्यातल्या एकमेव मानाच्या क्षणाला मुकणार आहोत, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांत प्रथमच एका सभासदाचे डोळे खरोखर पाणावले होते.

आणि त्या पाणावलेल्या डोळ्यांना काचेपलीकडे, खिडकीजवळच्या टेबलावर, चीझची लांबच लांब तार दातांनी तोडणारे अध्यक्ष जयंतराव दिसले.

भालचंद्रराव तरातरा आत गेले. जयंतरावांनी पटकन मेन्यूकार्ड तोंडापुढे धरलं, पण ते पारदर्शक प्लास्टिकचं होतं.

“जयंतराव! तुमचे गुडघे?”

“गुडघे ठीक आहेत,” जयंतराव तार गिळून म्हणाले. “म्हणजे, बसल्यावर ठीक असतात.”

“आणि नियम नऊ?”

जयंतराव रेल्वेत छत्तीस वर्षं नियमांचा अर्थ लावून निवृत्त झाले होते. त्यांनी ओठ पुसले आणि शांतपणे विचारलं, “नियमात काय लिहिलंय? न्याहारी अथवा भोजन. हे काय आहे, विचारा त्याला.”

भालचंद्ररावांनी शेजारून जाणाऱ्या वेटरला विचारलं.

“संडे ब्रंच, सर!”

“न्याहारीही नाही, भोजनही नाही,” जयंतराव म्हणाले. “ब्रंचबाबत आपली घटना मौन आहे. मागची दोन्ही वर्षं आम्ही याच अर्थाने...” आणि जीभ चावून ते थांबले.

“मागची दोन वर्षं?”

उत्तर द्यावं लागलं नाही. सॅलडच्या काउंटरजवळून महिला विभागाच्या प्रमुख कुमुदताई दोन्ही हातांत बशा घेऊन येत होत्या. भालचंद्ररावांना पाहून त्या जागीच खिळल्या आणि मग काहीच न झाल्यासारखं म्हणाल्या, “अगबाई, तुम्हीही! बरं झालं. इथला लसणीचा पाव घ्या हं, मस्त असतो.” त्यांच्यामागे मंडळाचे खजिनदार होते. शीतपेयाच्या यंत्रापाशी तीन माजी अध्यक्ष एकमेकांना भेटणं टाळत होते. भालचंद्ररावांनी सवयीने मोजदाद केली. स्वतःला धरून सात सभासद होत होते. गणपूर्ती सात सभासदांची होती.

पावणेअकरा वाजले होते. काला अंब इथून तासभर लांब. काही केलं तरी अकराला कुणीही तिथे पोचणार नव्हतं, आणि हे सातही जणांना एकदमच उमगलं. कुणी कुणाकडे बघेना.

“इतिहासाच्या दृष्टीने बघितलं तर,” जयंतराव हळूच म्हणाले, “फौजा काही एका झाडाखाली उभ्या नव्हत्या. कोसच्या कोस पसरल्या होत्या.”

“इथपर्यंत?” भालचंद्ररावांनी विचारलं.

“रसद तर याच रस्त्याने यायची असणार,” कुमुदताई म्हणाल्या. “आणि रसद म्हणजे जेवणच.”

उभ्याउभ्याच सभा झाली. ठराव भालचंद्ररावांनाच लिहावा लागला, कारण शुद्ध लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं. कागदी नॅपकिनवर त्यांनी लिहिलं: ‘धुके, वाहतूक व अन्य अपरिहार्य कारणे लक्षात घेता, सोनीपतपुढील सदर उपाहारगृह हे आजच्या दिवसापुरते व केवळ श्रद्धांजलीच्या प्रयोजनार्थ काला अंब असल्याचे मानण्यात यावे.’ सरकारात याला मानीव म्हणतात. मानीव मंजुरी असते, मानीव विद्यापीठ असतं, बांधलाच न गेलेला पूल मानीव पूर्ण असतो आणि त्यावरून मानीव वाहतूकही सुरू होते. ठराव सात विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला.

प्रश्न उरला पुष्पचक्र वाहायचं कुठे. कॅप्टनच्या पायाशी ठेवावं असं खजिनदारांनी सुचवलं, पण कॅप्टन टोपीवरून शत्रुपक्षाचा वाटतो म्हणून कुमुदताईंनी विरोध केला. मग सर्वांची नजर कोपऱ्यातल्या कुंडीकडे गेली. तीत आठ फूट उंच प्लास्टिकचं ताडाचं झाड होतं. ते आंब्याचं नव्हतं आणि काळंही नव्हतं, परंतु झाड होतं, आणि मानीव गोष्टीत तेवढं पुरतं. शार्दूलने डिकीतून पुष्पचक्र आणलं.

बरोबर अकरा वाजता, म्हणजे वेळेच्या बाबतीत कुणालाही बोट ठेवायला जागा न ठेवता, भालचंद्ररावांनी कुंडीला पुष्पचक्र टेकवलं. दोन पावलं मागे सरले. खिशातून भाषण काढलं. “बंधुभगिनींनो,” ते म्हणाले, “आज या पवित्र भूमीवर...”

“एक्सक्यूज मी, सर!” मॅनेजर धावत आला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. “सर ने बताया नहीं! बर्थडे है?”

“नहीं, नहीं. ये... शहीदों की बरसी है.”

“बरसी मतलब?”

“सालाना,” जयंतराव समजावू लागले, “हर साल इसी तारीख को...”

“ओह, एनिवर्सरी!” मॅनेजर ओरडला आणि त्याने शिट्टी फुंकली.

कॅप्टन चीझीच्या प्रशिक्षण पुस्तिकेत दोनच प्रसंग होते, आणि दोन्ही प्रसंगी काय करायचं ते एकच होतं. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि लाल टोप्या घातलेले बारा वेटर टाळ्या वाजवत, कंबर हलवत बाहेर आले. स्पीकरवरून ढोल सुरू झाला. वेटरांनी ताडाच्या झाडाभोवती रिंगण धरलं, पुष्पचक्राला पिवळे फुगे बांधले आणि जयंतराव व कुमुदताई यांना मधोमध उभं करून कागदी मुकुट घातले. जेवणारे सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. बाहेर सतरंजीवरचं भुकेलं कुटुंबही काचेला नाक लावून टाळ्या वाजवू लागलं. भालचंद्ररावांनी भाषण संपूर्ण वाचलं. दोन मिनिटांचं भाषण दोनच मिनिटांत वाचलं. त्यांच्या ओठांशी कान नेला असता तरी ते कुणाला ऐकू गेलं नसतं.

“छियालीस!” मॅनेजरने पुकारलं. “मिस्टर भारत सरकार!”

मग ते जेवले. खोटं कशाला सांगा, पिझ्झा फार चांगला होता. भालचंद्ररावांनी पहिला तुकडा अपराधी मनाने खाल्ला, दुसरा भुकेने, तिसरा चवीने आणि चौथा खाताना आपण काय खातोय हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. एनिवर्सरीनिमित्त कंपनीतर्फे चॉकलेटचा केक आला, तोही त्यांनी खाल्ला. लतिकाबाईंनी हात कुठे धुवायचे ते दोनदा जाऊन पाहून ठेवलं. बाकीच्या सभासदांनी एकमेकांना तिळगूळ दिला आणि दुपारच्या झोपेच्या ओढीने दिल्लीची वाट धरली.

पण भालचंद्ररावांचं कुठेतरी बिनसलं होतं. सगळं नियमाला धरून झालं होतं, नॅपकिन खिशात होता, आणि तरीही त्यांना आपली लाज वाटत होती. ती लाज नॅपकिनने पुसली जात नव्हती. कुंडीपाशी जाऊन त्यांनी पुष्पचक्र उचललं.

“गाडी पानिपतकडे घे,” ते शार्दूलला म्हणाले.

“बाबा, ठराव पास झालाय ना? मग आता डबल होईल.”

“होऊ दे डबल. घे गाडी.”

तीन वाजता ते काला अंबला पोचले. सकाळी आलेले इतर लोक केव्हाच परतले होते. बागेत शांतता होती आणि कोवळं ऊन पडलं होतं. भालचंद्ररावांनी पुष्पचक्राचे फुगे सोडवले. चार शार्दूलने फोडले, पाचव्याची गाठ सैल होती आणि तेवढ्यात पलीकडून रामफल येताना दिसला, तेव्हा घाबरून भालचंद्ररावांनी तो तसाच कोटाच्या खिशात कोंबला. पुष्पचक्र ठेवून ते मान खाली घालून उभे राहिले. भाषण त्यांनी खिशातून काढलंच नाही. इतके दिवस पाठ केलेलं सगळं अचानक फार लांबलचक वाटलं.

त्या शांततेत, कोटाच्या खिशातून, फुग्यातली हवा ‘कुर्र... कुर्रर्र...’ करत निघू लागली. बराच वेळ निघत राहिली.

“पेट बोल रहा है साहब का,” मागून रामफल म्हणाला. त्याच्या आवाजात माया होती. “भूखे होंगे. थारे दिल्लीवाले तो दो साल से आए ही कोनी. मैं तो हर साल बनाऊँ हूँ, चालीस की. दो साल गाय-भैंस ने खाई. मन्ने घरवाली से कह्या, आएँगे, भूखे आएँगे, बना दे. देख, आ गए.”

लतिकाबाईंनी आम्लपित्ताचं निमित्त सांगितलं. शार्दूलला एकदम महत्त्वाचा फोन आला. भालचंद्रराव मात्र झाडाखाली बसले. बाजरीची खिचडी, वर तुपाची धार, सोबत गूळ. गळ्याशी चार तुकडे पिझ्झा आणि केक होता. आपण जेवून आलोय, हे तीन शब्द त्यांच्याने सांगवेनात. त्यांनी पहिला घास घेतला. घाम फुटला, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी दुसरा घेतला.

“देख तो,” रामफल बायकोला हाक मारून म्हणाला, “कितने भूखे थे बेचारे!” आणि त्याने आणखी एक पळी वाढली.

भालचंद्ररावांनी अख्खी थाळी संपवली. परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवर आडवे झाले ते सेक्टर बारा आल्यावरच उठले.

पुढच्या रविवारी त्यांनी अहवाल लिहिला, खराखुरा. तो वाचून कार्यकारिणीने त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली. जयंतरावांनी प्रेमाने समजूत काढली, कॅप्टन आणि रामफल हे दोन्ही परिच्छेद गाळले आणि ‘अनेकांचे डोळे पाणावले’ हे वाक्य परत घातलं. “उपस्थिती मात्र भरघोस दाखवा, भालचंद्र,” ते म्हणाले. “सातच जण वाईट दिसतं.” भालचंद्ररावांनी आज्ञेप्रमाणे उपस्थितीचं कलम नव्याने लिहिलं, आणि कार्यकारिणीने अहवालाच्या शेवटच्या पानावर नेहमीप्रमाणे न वाचता सह्या केल्या.

तो अहवाल अजून मंडळाच्या दप्तरात आहे. शेवटचं कलम असं: ‘सदर कार्यक्रमास मंडळाचे सर्व सभासद, तसेच मराठी वाचू शकणारी प्रत्येक व्यक्ती, आता व यापुढे दरवर्षी, मानीव उपस्थित समजण्यात येईल. या नोंदीस ज्यांची हरकत असेल त्यांनी संक्रांतीच्या दिवशी उपाशीपोटी काला अंब येथे स्वतः येऊन ती श्री. रामफल यांच्याकडे नोंदवावी.’

म्हणजे यादीत तुमचंही नाव आहे. रामफल दरवर्षी चाळीस माणसांची खिचडी शिजवून वाट पाहतो. आजतागायत एकही हरकत आलेली नाही.